ॲल्युमिनिअम-सिलिकॉन कार्बाइडचं सँपल थंड दाबताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पावडर मेटलर्जीचा (धातूची पूड दाबून आणि भाजून वस्तू बनवण्याचा) प्रोजेक्ट हातात पडला की गाईड सांगतात, "सँपल बनवा, युटीएमवर दाबा, तडा कुठे जातो ते बघा." युटीएम म्हणजे मोजलेल्या भाराने सँपल दाबणारं चाचणीयंत्र. ऐकताना आठवड्याभराचं काम वाटतं. माझं पहिलं वाचण्याजोगं सँपल तयार व्हायला चार महिने लागले. त्यातला निम्मा वेळ मी लोडकडे बघत होतो. बघायला हवं होतं घनतेकडे, आणि तीही सँपलच्या फुगलेल्या पोटापाशी. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितो आहे.

उदाहरण एकच धरतो: ॲल्युमिनिअम पावडरमध्ये वजनाने ५ टक्के सिलिकॉन कार्बाइड, २० मिमी व्यासाचं आणि २० मिमी उंचीचं दंडगोल सँपल. ते सिंटर करून (वितळू न देता भट्टीत भाजून, कण जुळवून) खोलीच्या तापमानाला दोन सपाट प्लेटांमध्ये उभं दाबायचं. यालाच कोल्ड अपसेटिंग म्हणतात. लोखंड-ग्रॅफाइट किंवा ॲल्युमिनिअम-ॲल्युमिना घेतलंत तर आकडे बदलतील, पण क्रम हाच राहील.

आधी हे गोळा करा

- ॲल्युमिनिअमची ॲटमाइज्ड (वितळलेला धातू फवारून बनवलेली) पावडर आणि सिलिकॉन कार्बाइड. दोन्हींचे कणमापाचे दाखले पुरवठादाराकडून लेखी घ्या.
- एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमिअमच्या) स्टीलचे कडक केलेले डाय (साचा), पंच (वरून दाबणारा दांडा) आणि तळाचा ठोकळा. डायची आतली बाजू आरशासारखी पॉलिश केलेली हवी.
- ०.००१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, शक्य असेल तर पाण्यात लटकवून वजन करण्याच्या जोडणीसह.
- युटीएम. ४० टनाचं पुरतं.
- नायट्रोजन किंवा आरगॉन सोडता येईल अशी भट्टी.
- डिजिटल व्हर्नियर, मायक्रोमीटर, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि टॉर्च.
- झिंक स्टिअरेट, ग्रॅफाइट पावडर, ॲसिटोन.
- विभागप्रमुखांची सही असलेलं युटीएम आणि भट्टीचं वेळापत्रक. याला हसू नका. परीक्षेच्या काळात मशीन मिळत नाही आणि अर्धी दाबलेली सँपलं पिशवीत पडून राहतात.

आणि एक गोष्ट सगळ्याच्या आधी

बारीक ॲल्युमिनिअम पावडर हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. टेबलावर सांडलेली पावडर कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नका, साधा व्हॅक्यूम क्लीनरही लावू नका. मऊ ब्रशने हळूच गोळा करा. पेटलीच तर पाणी मारायचं नाही, कारण पाण्यातून हायड्रोजन निघतो. कोरडी वाळू हाताशी ठेवा. बॉल मिलचं, म्हणजे गोळे घालून पावडर मिसळणाऱ्या यंत्राचं, भांडं पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका. आत घासून नव्याने उघडे पडलेले पृष्ठभाग हवा लागताच तापतात. तोंडावर धुळीचा मास्क हवाच, सिलिकॉन कार्बाइडची धूळ फुप्फुसासाठी चांगली नाही.

१. सैद्धांतिक घनता काढा, आणि वजनी टक्के की आकारमानी ते लिहून ठेवा

पूर्ण भरीव, एकही छिद्र नसलेलं सँपल असतं तर त्याची घनता किती असती, हा पुढच्या प्रत्येक गणिताचा पाया आहे. ॲल्युमिनिअम २.७० आणि सिलिकॉन कार्बाइड ३.२१ ग्रॅम प्रति घनसेंमी. वजनाने ५ टक्के असेल तर ०.९५ भागिले २.७० आणि ०.०५ भागिले ३.२१ यांची बेरीज करा, ती येते ०.३६७४. तिचा व्यस्त घ्या: २.७२२. घनतांची सरळ सरासरी काढणं चूक आहे. ॲल्युमिनिअम-सिलिकॉन कार्बाइडमध्ये ती चूक लपून जाते कारण दोन्ही घनता जवळजवळ आहेत. ॲल्युमिनिअममध्ये लोखंड मिसळलंत (७.८७) तर तीच चूक उघडी पडते.

वजनाने ५ टक्के म्हणजे आकारमानाने साधारण ४.२ टक्के. दोन शोधनिबंधांचे निकाल शेजारी ठेवताना कोण वजनी बोलतोय आणि कोण आकारमानी, हे आधी बघा.

आपलं सँपल ८५ टक्के सापेक्ष घनतेचं (म्हणजे या सैद्धांतिक घनतेच्या ८५ टक्के) हवं असेल तर पावडर लागेल १४.५४ ग्रॅम (आकारमान ६.२८३ घनसेंमी गुणिले २.७२२ गुणिले ०.८५). प्रत्येक सँपलसाठी वेगळी पुडी आधीच वजन करून ठेवा.

२. मिसळणं

घनता जवळ असल्या तरी कणांचं माप वेगळं असलं की मिश्रण वेगळं होऊ लागतं. त्याहून मोठी अडचण गुठळ्यांची. ॲल्युमिनिअमचा कण ७०-८० मायक्रॉनचा आणि सिलिकॉन कार्बाइड ५ मायक्रॉनचं असेल, तर बारीक कण मोठ्या कणांच्या मधल्या फटीत जाऊन एकमेकांना चिकटून बसतात. अशा गुठळीच्या आत धातू पोचतच नाही. ती दाबताना एकसंध वागत नाही, आतून सुटी होते आणि पुढे तडा तिथूनच वाट काढतो. माझ्या पहिल्या खेपेत नेमकं हेच झालं होतं. कणमापातला फरक जितका कमी ठेवता येईल तितका ठेवा, पावडर आधी ओव्हनमध्ये सुकवा आणि मिल हळू फिरवा. इथे मिसळायचं आहे, दळायचं नाही.

३. डायमध्ये दाबणं

साधारण २०० ते ३५० एमपीए (मेगापास्कल) दाबाला ॲल्युमिनिअम ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जातं. २० मिमी व्यासाला ३०० एमपीए म्हणजे साडेनऊ टनाच्या आसपास. तुमच्या पावडरला नेमका किती दाब लागतो ते चार सँपलं वाया घालवून ठरवा. पुस्तकातला आकडा उचलू नका.

सापळे दोन. पहिला, दाब फक्त वरून दिला तर डायच्या भिंतीशी होणारं घर्षण दाब खाऊन टाकतं. सँपलचा वरचा भाग घट्ट आणि तळ सैल राहतो. मग अपसेटिंगमध्ये सँपल एका बाजूला जास्त पसरतं आणि आपण कारण शोधत बसतो. डाय खालून स्प्रिंगवर तरंगता ठेवला की दोन्हीकडून दाब बसल्यासारखा परिणाम मिळतो. दुसरा, सँपल बाहेर काढताना ते किंचित प्रसरण पावतं. डायच्या तोंडाची धार तीक्ष्ण असेल तर सँपल पापुद्र्यासारखं आडवं चिरतं. तोंडाला हलकी गोलाई द्यायला सांगा आणि काढताना मध्येच थांबू नका.

झिंक स्टिअरेट शक्यतो पावडरमध्ये न घालता डायच्या भिंतीला ॲसिटोनमध्ये कालवून लावा. पावडरमध्ये घातलंत तर ते पूर्ण जाळून काढण्याची जबाबदारी भट्टीवर येते.

४. सिंटरिंग

ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं, म्हणून ५५० ते ६०० च्या दरम्यान तासभर. वंगण पावडरमध्ये घातलं असेल तर आधी ४०० अंशांजवळ अर्धा तास थांबा. कोरडा नायट्रोजन चालू ठेवा आणि सँपल भट्टीतच गार होऊ द्या.

इथली खरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. ॲल्युमिनिअमच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि या तापमानाला तो जात नाही. कण एकमेकांना जुळतात ते दाबताना जिथे हा थर फुटला आणि धातूला धातू भिडला तिथेच. म्हणून कमी दाबाने बनवलेलं सँपल कितीही वेळ भाजलंत तरी आतून अर्धवटच जुळलेलं राहतं. भट्टीतून काढल्यावर टेबलावर हलकेच ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. मातीच्या पणतीसारखा बद्द आवाज आला तर ती खेप बाजूला ठेवा, तिच्यावर युटीएमचा वेळ घालवू नका.

५. दाबण्याआधीची नोंद

व्यास तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, वजन. वजन भागिले आकारमान भागिले २.७२२, ही सुरुवातीची सापेक्ष घनता. डायच्या आतल्या मापावर विसंबू नका, सिंटर झालेल्या सँपलचं माप घ्या. दोन्ही टोकं समांतर नसतील तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर, काचेच्या तुकड्याचा आधार घेऊन सपाट करा आणि पुन्हा वजन करा.

उंची व्यासाच्या दीडपटीच्या वर नेऊ नका, सँपल तिरकं होऊन वाकायला लागतं. उलट, उंची-व्यास गुणोत्तर कमी असलेली सँपलं तेवढ्याच उंची-घटीला जास्त घट्ट होतात. म्हणून दोन वेगळ्या गुणोत्तरांचे आलेख एकत्र काढताना काळजी घ्या.

६. टप्प्याटप्प्याने दाबा

एका दमात फुटेपर्यंत दाबलंत तर हाती फक्त लोडचा आलेख येतो आणि बाकी सगळी कहाणी निसटते. एक टनाच्या पायऱ्या ठेवा. प्रत्येक पायरीनंतर सँपल बाहेर काढा, ॲसिटोनने पुसा आणि चार मापं घ्या: उंची, वरच्या टोकाचा व्यास, खालच्या टोकाचा व्यास, मधल्या फुगवट्याचा व्यास. वंगण लावायचं ठरवलं असेल (ग्रॅफाइट ॲसिटोनमध्ये) तर प्रत्येक पायरीला पुन्हा लावा. कोरडं ठेवायचं असेल तर शेवटपर्यंत कोरडं. एका सँपलवर दोन्ही पद्धती झाल्या तर ते सँपल गेलं. प्लेटांभोवती पॉलिकार्बोनेटची ढाल हवी. तडकलेला तुकडा उडतो तेव्हा सावरायला वेळ मिळत नाही.

७. गणित: इथे थोडं थांबू

भरीव धातू दाबला की त्याचं आकारमान तेवढंच राहतं. जेवढी उंची घटते तेवढा तो बाजूला पसरतो. पावडरच्या सँपलमध्ये उंची घटते तेव्हा थोडा भाग छिद्रं मिटण्यात जातो आणि उरलेलाच बाजूला पसरतो. हा एकच फरक नीट समजला की पुढचं सगळं सोपं होतं.

आपलं २० बाय २० चं, ८५ टक्के घनतेचं सँपल १५ मिमी उंचीपर्यंत दाबलं असं धरू. भरीव असतं तर व्यास २३.०९ मिमी झाला असता. समजा मोजमापात तो सरासरी २२.३३ आला.

स्ट्रेन म्हणजे माप मुळाच्या तुलनेत किती बदललं याचा आकडा. अक्षीय (उंचीच्या दिशेचा) स्ट्रेन म्हणजे २० भागिले १५ याचा नैसर्गिक लॉग, ०.२८८. परिघाच्या दिशेचा स्ट्रेन म्हणजे २२.३३ भागिले २० याचा लॉग, ०.११०. दुसऱ्याला पहिल्याने भागा: ०.३८. भरीव धातूला हाच आकडा ०.५ आला असता. नवी सापेक्ष घनता म्हणजे ०.८५ गुणिले (२० भागिले १५) गुणिले (२० भागिले २२.३३) चा वर्ग, म्हणजे ०.९१. पंधरा टक्के छिद्रं नऊ टक्क्यांवर आली.

हा ०.३८ म्हणजे प्लास्टिक अवस्थेतल्या (आकार कायमचा बदलतानाच्या) पॉयझन गुणोत्तराचा, म्हणजे उंची घटण्याच्या तुलनेत सँपल बाजूला किती पसरलं याचा आकडा. कून आणि डाउनी यांनी १९७१ मध्ये सिंटर केलेल्या धातूंसाठी त्याचं सोपं सूत्र दिलं: ०.५ गुणिले सापेक्ष घनतेचा १.९२ वा घात. ८५ टक्क्यांना ते ०.३७ देतं, ९१ टक्क्यांना ०.४२. आपला ०.३८ या दोन्हींच्या मधे बसतो. तुमचं मोजमाप या पट्ट्याच्या फार बाहेर जात असेल तर आधी व्हर्नियर तपासा, मग सिद्धांत.

सरासरी व्यास कसा काढायचा? फुगलेल्या सँपलला पिंपाचं सूत्र लावा: फुगवट्याच्या व्यासाच्या वर्गाची दुप्पट, अधिक टोकाच्या व्यासाचा वर्ग, सगळ्याला तीनने भागा, मग वर्गमूळ. नुसता फुगवट्याचा व्यास घेतलात तर घनता खरीपेक्षा कमी येते, नुसत्या टोकाचा घेतलात तर जास्त. तडा मोजायच्या आलेखासाठी मात्र फुगवट्याचाच व्यास वापरायचा, कारण तडा तिथे जातो. दोन कामांना दोन व्यास, आणि वहीत तसे दोन रकाने.

८. पाण्यात वजन करून घनता: मी जिथे फसलो

आर्किमिडीजची पद्धत सगळ्यांना शाळेपासून माहीत असते, म्हणून कोणी नीट वाचत नाही. मीही वाचली नव्हती. सँपल पाण्यात सोडलं, वजन घेतलं, घनता ९६ टक्के आली. खूश झालो. तेच सँपल पुढच्याच पायरीला तडकलं. गाईडनी विचारलं, "पाणी आत गेलं असेल, त्याचं काय केलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

९० टक्क्यांच्या खाली बरीचशी छिद्रं एकमेकांना जोडलेली आणि बाहेर उघडणारी असतात. पाणी त्यांत शिरतं, सँपल कमी पाणी हटवतं आणि घनता खोटी वाढते. एएसटीएम बी ९६२ या मानकात यावर उपाय आहे. कोरडं वजन घ्या, मग निर्वातात तेल शोषू द्या, वरचं तेल पुसून हवेत वजन घ्या आणि शेवटी पाण्यात. कोरडं वजन भागिले (तेलासह हवेतलं वजन वजा तेलासह पाण्यातलं वजन), गुणिले पाण्याची घनता. पाण्याचं तापमान लिहा. तारेवर आणि सँपलवर चिकटलेले बुडबुडे ब्रशने काढा.

आणि तेल पाजलेलं सँपल पुन्हा दाबायचं नाही. छिद्रात अडकलेलं तेल दबत नाही, ते छिद्र मिटूच देत नाही. म्हणून पायरीपायरीची घनता मापांवरून काढा आणि तेलाची पद्धत शेवटच्या पायरीला थांबवलेल्या सँपलांसाठी राखून ठेवा. दोन्ही आकडे एक-दीड टक्क्याच्या आत जुळले की मापांवर विश्वास ठेवता येतो.

९. तडा वाचणं

प्लेट आणि सँपल यांच्यात घर्षण असतं, त्यामुळे टोकं जागीच धरून ठेवली जातात आणि मधला भाग बाहेर पडतो. सँपलला पोट सुटतं. या पोटाच्या बाहेरच्या कातड्यावर परिघाच्या दिशेने खेच बसते. आतला गाभा चहूबाजूंनी दाबला जातोय, तिथली छिद्रं झपाट्याने मिटतात. पोटावरची छिद्रं चपटी होतात, लांबतात, पण मिटत नाहीत. तुम्ही काढलेली ९१ टक्के घनता ही सरासरी आहे. पोटाच्या त्वचेपाशी ती त्याहून कमी असते आणि तडा सरासरीला विचारून जात नाही.

त्यात सिलिकॉन कार्बाइड. तो कण वाकत नाही. भोवतालचं ॲल्युमिनिअम वाहतं आणि कण व धातू यांच्या सीमेवर फट पडते. पोटापाशी खेच असल्यामुळे ही फट उघडते, शेजारच्या छिद्राला मिळते, ते पुढच्या छिद्राला, आणि एका क्षणी बाहेरून रेघ दिसते. टक्केवारी वाढवली की सँपल अधिक भार सोसतं, पण कमी स्ट्रेनला तडकतं आणि घट्टही हळू होतं, कारण कडक कण छिद्रांना मिटू देत नाहीत.

प्रत्येक पायरीनंतर सँपल हळूहळू फिरवत टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकून पोट बघा. उभी रेघ, म्हणजे अक्षाला समांतर, असेल तर ती परिघाच्या खेचेची. ४५ अंशांच्या आसपास तिरकी असेल तर कर्तनाची, म्हणजे धातू घसरून फाटल्याची. टोकाच्या कडेपाशी सुरू झालेला तडा असेल तर आधी सिंटरिंगचा आणि डायमधून काढतानाच्या इजेचा संशय घ्या. पहिली रेघ डोळ्यांना दिसली की थांबा. तिथले दोन्ही स्ट्रेन आणि घनता लिहा. आणखी एक टन देऊन "नीट दिसू दे" असं करू नका, मूळ जागा हरवते.

मग आलेख. आडव्या अक्षावर अक्षीय स्ट्रेन, उभ्यावर पोटाचा परिघीय स्ट्रेन. त्यावर अर्ध्या उताराची रेषा आखा, ती फुगवट्याशिवाय दाबलेल्या भरीव धातूची वाट. पावडरचं सँपल सुरुवातीला या रेषेखाली चालतं आणि पोट सुटू लागलं की वर वळतं. वेगवेगळं वंगण आणि वेगवेगळी उंची घेऊन तड्याचे बिंदू जमवले की ते साधारण अर्ध्या उताराच्याच, पण वर सरकलेल्या रेषेवर पडतात. ली आणि कून यांनी १९७३ मध्ये भरीव पोलादासाठी अशीच रेषा मांडली होती. ही रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा तुमच्या सँपलच्या तडा सोसण्याच्या क्षमतेचा. पाचपेक्षा कमी बिंदूंवर ती आखू नका.

लोडच्या आलेखाबद्दल एकच सांगतो. भार चढतो त्याची कारणं दोन: धातू स्वतः कडक होतो, आणि छिद्रं मिटल्यामुळे भार घेणारं खरं क्षेत्रफळ वाढतं. दुसरं कारण विसरून सगळं श्रेय सिलिकॉन कार्बाइडला देणारे प्रबंध मी वाचले आहेत. साध्या ॲल्युमिनिअम पावडरचं, तेवढ्याच सुरुवातीच्या घनतेचं सँपल शेजारी दाबल्याशिवाय असं विधान करू नका.

१०. कापून बघणं

सँपल अक्षातून उभं कापा, म्हणजे गाभा आणि पोट एकाच तुकड्यात दिसतात. कापण्याआधी निर्वातात इपॉक्सी भरून घ्या. मऊ ॲल्युमिनिअम पॉलिश करताना पसरतं आणि छिद्रांची तोंडं झाकून टाकतं, तर निखळलेला सिलिकॉन कार्बाइडचा कण छिद्रासारखा खड्डा सोडतो. दोन्ही चुका उलट दिशेच्या आहेत. शेवटचं पॉलिश कमी दाबाने आणि जास्त वेळ करा. छिद्रं आणि फटी बघायला एचिंगची (आम्लाने पृष्ठभाग किंचित खाऊन रचना उघडी करण्याची) गरज नाही. एचिंगसाठी वापरतात त्या केलर द्रावणात हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते लागतंच असेल तर प्रयोगशाळा सहायकांसोबत, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ ठेवूनच.

११. तडा फार लवकर येत असेल तर

क्रमाने बघा. वंगण बदला, ग्रॅफाइटऐवजी प्लेटवर टेफ्लॉनचा पातळ कागद ठेवा. पोट कमी सुटलं आणि तडा पुढे गेला तर अडचण घर्षणाची होती. फरक पडला नाही तर डायमधला दाब वाढवून ९० टक्क्यांनी सुरुवात करा. तरीही तीच गत असेल तर गुठळ्या शोधा, म्हणजे पुन्हा पायरी दोन.

आणि एवढं करून तुमचं उद्दिष्ट एखादा खरा भाग घडवण्याचं असेल, तर मोकळ्या पोटाने शेवटपर्यंत दाबूच नका. आलेखावरून तड्याचा बिंदू काढा आणि डायची भिंत अशी ठेवा की पोट त्या बिंदूआधीच भिंतीला टेकेल. भिंतीने आधार दिला की परिघाची खेच थांबते, दाब चहूबाजूंनी बसतो आणि पोटापाशी उघडी राहिलेली छिद्रंही मिटू लागतात. माझ्या शेवटच्या खेपेत भिंत २३ मिमी व्यासाची ठेवली होती. बारापैकी अकरा सँपलं बिनतड्याची निघाली. बारावं कापलं तेव्हा आत सिलिकॉन कार्बाइडची गुठळी सापडली.